थायलंड की व्हिएतनाम? आधी सुट्टी कोणत्या महिन्यात आहे ते सांगा

प्रश्न दरवेळी असाच येतो. "दहा-बारा दिवस आहेत. एका जागी बसायचं नाही. थोडी देवळं-राजवाडे, भरपूर खाणं, दोन-तीन दिवस समुद्र आणि रात्री जरा हुंदडायला मिळालं पाहिजे. थायलंड करू की व्हिएतनाम?"

दोन्हीकडे मुंबईहून थेट विमान जातं. दोन्हीकडची घड्याळं आपल्यापेक्षा दीडच तास पुढे. टॅक्सी बोलवायचं ग्रॅबचं ॲप दोन्ही देशांत चालतं. त्यामुळे शेवटी लोक विमानाच्या तिकिटावर ठरवतात. मी थायलंड मित्रांबरोबर केलंय आणि व्हिएतनाम घरच्यांबरोबर, आईसकट. व्हिएतनामला आम्ही गेलो ते दिवाळीच्या सुट्टीत, आणि तिथेच चुकलो. तेव्हापासून कुणी विचारलं की मी उलट विचारतो: महिना कोणता?

क्राबीला कोकणचा पाऊस, दा नांगला चेन्नईचा

क्राबी आणि फुकेत ही थायलंडची अंदमान समुद्राकडची बाजू. तिथला पावसाळा म्हणजे आपल्या कोकणातला तोच नैऋत्य मोसमी पाऊस, फक्त जरा लवकर येणारा आणि उशिरा जाणारा. मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला, बोटी कधीही रद्द होतात. नोव्हेंबर ते एप्रिल मात्र पाणी असं शांत की फोटोवर विश्वास बसू नये.

व्हिएतनामच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे दा नांग आणि होई आनकडे, गणित बरोबर उलटं. तिथे पश्चिमेला ट्रुओंग सन नावाची डोंगररांग आहे. नैऋत्येकडून येणारा पाऊस ती अडवते, आणि सह्याद्रीमागे माण-खटावला जसं कोरडं राहतं तसं मे-जूनमध्ये दा नांगला ऊन तापतं. सप्टेंबरनंतर ईशान्येचे वारे सुरू झाले, की चेन्नईला पाऊस पडायच्या दिवसांत इथेही आभाळ फाटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात वाईट.

आम्ही नेमके तेव्हा होई आनमध्ये होतो. थू बोन नदी गल्ल्यांत शिरली होती. दुकानदार पायजमे गुडघ्यापर्यंत गुंडाळून सामान वरच्या मजल्यावर चढवत होते, आणि ते इतक्या सवयीने, की घाबरावं की नाही तेच आम्हाला कळेना. तिथल्या जुन्या घरांच्या भिंतींवर कोणत्या वर्षी पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा करून ठेवल्यात. आपल्याकडे दारावर पोरांची उंची लिहितात तशा.

मग निर्णय बराचसा आपोआप होतो. शाळेची मे महिन्याची सुट्टी असेल, तर व्हिएतनाम. गरम होईल, पण समुद्र मिळेल. मे महिन्यात थायलंडच हवं असेल तर क्राबी-फुकेत सोडून पूर्वेच्या आखातातलं को सामुई बेट धरा. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा.

दिवाळी नोव्हेंबरात आली तर थायलंड, डोळे मिटून. ऑक्टोबरातच आली तर थायलंडलाही समुद्राचा भरवसा नाही. मग बँकॉक आणि उत्तरेतल्या चियांग माईवर भर द्या, समुद्र मिळाला तर वरकमाई समजा. नाताळात क्राबी उत्तम, पण साऱ्या युरोपलाही ते ठाऊक असल्याने हॉटेलं महाग. त्या दिवसांत उत्तरेच्या हनोईत स्वेटर लागतो आणि दा नांग करडं असतं, म्हणून व्हिएतनाममध्ये समुद्रासाठी दक्षिणेचं फू क्वोक बेट बघावं.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये रजा मिळत असेल, तर व्हिएतनाम बरंच सुखाचं. हनोईत थोडी भुरभुर, पण दा नांगपासून खाली हवा चांगली. त्याच दिवसांत चियांग माईभोवती शेतं आणि जंगलं जळतात, धुरामुळे समोरचा डोंगर दिसत नाही. फक्त तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, टाळा. ते 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी या दरम्यान कधीतरी येतं, आणि तेव्हा आख्खा देश गावी गेलेला असतो.

एक सरळ रेघ, एक चाक

व्हिएतनाम नकाशावर लांबच लांब आहे. हनोई ते सायगॉन (नाव हो ची मिन्ह सिटी, बोलताना सगळे सायगॉनच म्हणतात) रेल्वेने 1,726 किलोमीटर, तीस तासांहून जास्त. विमानाने दोन तास. दा नांग बरोबर मध्ये. म्हणून तिथली सहल सरळ रेघेत होते: हनोईला उतरा, दा नांगला जा, सायगॉनहून परत या. मागे फिरणं नाही. आमचं वाटप होतं हनोई तीन रात्री, होई आन चार, सायगॉन तीन. पुन्हा गेलो तर सायगॉनची एक रात्र काढून हनोईला देईन. पूर्ण रेल्वे करायच्या फंदात पडू नका. हुए ते दा नांग एवढाच तुकडा घ्या, अडीच-तीन तासांचा. गाडी हाय वानच्या डोंगराला वळसा घालून समुद्राच्या कडेने जाते.

थायलंड म्हणजे चाक, आणि आस बँकॉक. सगळं तिथून सुटतं आणि तिथेच परततं. बँकॉक तीन रात्री, चियांग माई तीन, क्राबी किंवा फुकेत चार, शेवटची एक पुन्हा बँकॉक. चियांग माईला रात्रीची स्लीपर गाडी मजेची आहे, पण 2023 पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या नव्या क्रुंग थेप अपिवत स्थानकातून सुटतात. जुन्या हुआ लाम्पोंगला जाऊन उभे राहू नका. असंच विमानतळांचं. बँकॉकला दोन आहेत. तुम्ही उतरणार बहुधा सुवर्णभूमीला आणि पुढचं स्वस्त विमान असणार डॉन म्युआंगहून. मधे शहराची वाहतूक. दोन विमानांत पाच तास ठेवा.

पाचवं शहर कोंबू नका, एवढंच दोन्हीकडे सांगेन. प्रत्येक मुक्काम हलवला की अर्धा दिवस जातोच.

ताटात काय

इथे माझं मन थायलंडकडे झुकतं आणि बायकोचं व्हिएतनामकडे.

थाई जेवणात आपल्याला ओळखीचं खूप आहे. नारळाचं दूध, मिरची, आंबट-गोड-तिखट एकत्र. मालवणी जिभेला पहिल्या घासात घरी आल्यासारखं वाटतं. चियांग माईचं खाओ सोई, म्हणजे नारळाच्या दुधातल्या कढीत नूडल्स आणि वर तळलेल्या नूडल्सचा कुरकुरीत चुरा, हे मी तीन दिवसांत चार वेळा खाल्लं. बँकॉकच्या यावारात नावाच्या चिनी वस्तीत संध्याकाळी सातनंतर जा आणि जेवणाचं हॉटेल शोधू नका. चालत राहा, रांग दिसेल तिथे थांबा.

व्हिएतनामी जेवण सौम्य. रश्श्यावर सगळी मदार, सोबत पुदिना-कोथिंबिरीच्या जातकुळीतल्या पानांची टोपलीभर जुडी. पहिले तीन दिवस वाटतं, किती हलकं, किती छान. चौथ्या दिवशी आईने पिशवीतून लसणाची चटणी काढली आणि आम्ही सगळे तिच्या ताटाकडे सरकलो. पण कॉफी! कॉफीच्या उत्पादनात व्हिएतनाम जगात ब्राझीलच्या खालोखाल आहे. हनोईतली अंड्याची कॉफी 1946 ची, दुधाच्या टंचाईतून निघालेली: पिवळा बलक साखरेबरोबर फेटून गरम कॉफीवर. ऐकायला विचित्र, प्यायला जवळपास पुडिंग.

आता आपला खरा प्रश्न, काय चालत नाही. फो, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्स, म्हटलं की मूळ रूप बहुधा बीफचं असतं. पाटीवर "बो" दिसलं तर बीफ, "गा" म्हणजे कोंबडी, "हेओ" म्हणजे डुक्कर, "तोम" म्हणजे कोळंबी. एवढे चार शब्द पाठ केले की निम्मी भीती जाते. होई आनचं काओ लाऊ आणि हनोईचं बुन चा हे नूडल्सचे पदार्थ मात्र डुकराशिवाय नाहीत.

शाकाहारी मंडळींसाठी व्हिएतनामी शब्द आहे "चाय". हो, हिंदीतल्या चहाचाच उच्चार. "आन चाय" म्हणजे शाकाहार. तिथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला मांस टाळतात, त्यामुळे "कॉम चाय" लिहिलेली साधी खानावळ जवळपास प्रत्येक गावात सापडते. पौर्णिमा पाळणाऱ्या माझ्या आईला हे इतकं आवडलं की तिने तिथल्या बाईला हातवारे करून आपली एकादशीही समजावली.

थायलंडमध्ये दोन शब्द आहेत आणि फरक महत्त्वाचा आहे. "मांगसाविरात" हा आपलाच मांस आणि विरती. पण तो सांगूनही माशाचं सॉस, नाम प्ला, ताटात येऊ शकतं. "जे" म्हणालात तर कडक: मासा नाही, अंडं नाही, वर कांदा-लसूणही नाही. आपल्या चातुर्मासासारखंच. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसलं की ते दुकान "जे"चं. फुकेतला याचा नऊ दिवसांचा उत्सव असतो, आणि तो बहुतेक वर्षी आपल्या नवरात्रातच पडतो. अगदी शुद्ध शाकाहारी कुटुंब असेल तर थायलंड जरा सोपं. बँकॉकच्या पाहुरातमध्ये भारतीय वस्तीच आहे, अगदी अडलंच तर.

देवळं आणि आपली ओळख

सुवर्णभूमी विमानतळावरच समुद्रमंथनाचा देखावा आहे, देव एका बाजूला, दैत्य दुसऱ्या. तिथून जे सुरू होतं ते संपतच नाही. बँकॉकच्या राजवाड्यातल्या वात फ्रा केओ मंदिराच्या ओवऱ्यांत रामकियेनचे, म्हणजे थाई रामायणाचे, 178 चित्रफलक आहेत. तिथला हनुमान चांगलाच रंगेल आहे, रावणाच्या मत्स्यकन्येच्या, सुवर्णमच्छेच्या प्रेमात पडतो. आपल्या गावोगावच्या बाळब्रह्मचारी मारुतीची आठवण ठेवून बघा, मजा येते. तिकीट 500 बाट, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. दुपारी बारा वाजता जाऊ नका, फरशी आणि गर्दी दोन्ही तापतात. दुसऱ्या दिवशी अयुथ्या. नाव अयोध्येवरून, 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेली राजधानी. झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक तिथलंच.

व्हिएतनाममध्ये अशी ओळख शोधावी लागते, पण सापडली की जास्त लागते. होई आनहून तासाभरावर "मी सन" नावाची जागा आहे, जुन्या चंपा राज्याच्या चाम राजांची शैव मंदिरं. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने भद्रेश्वर नावाने शिवलिंग स्थापलं, तिथून सुरुवात. विटा इतक्या घट्ट बसवल्यात की सांधा शोधावा लागतो. 1969 च्या अमेरिकी बॉम्बफेकीत बरंच गेलं. उरलेल्यांतल्या काहींची डागडुजी आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने केली, आणि 2020 मध्ये त्याच कामात एक अखंड दगडी शिवलिंग मातीतून वर आलं. त्या ओसाड खोऱ्यात आम्ही फार बोललो नाही.

बाकी व्हिएतनाम म्हणजे युद्ध. सायगॉनचं युद्ध-अवशेष संग्रहालय लहान मुलांना दाखवण्यासारखं नाही, जवळच्या कू चीची युद्धातली भुयारं दाखवावीत. आणि महाराजांचा पुतळा सायगॉनमध्ये आहे, व्हिएतनाम त्यांच्या गनिमी काव्यामुळे जिंकलं, असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते शोधायला जाऊ नका. त्याला पुरावा नाही.

समुद्र

इथे चर्चा नाही. क्राबीचं रायले, जिथे चुनखडीच्या कड्यांमुळे रस्ताच नाही आणि बोटीनेच जावं लागतं, तसं व्हिएतनामच्या मधल्या किनाऱ्यावर काही नाही. दा नांगचा "मी खे" नावाचा किनारा लांब आहे, स्वच्छ आहे, पहाटे पाचला सगळं गाव पोहायला उतरतं ते बघण्यासारखं आहे. पण तारकर्ली-गुहागर बघितलेल्या माणसाला तो "बरा" वाटेल. उत्तरेची "हा लोंग" नावाची खाडी अप्रतिम, मात्र ती बोटीतून बघायची, पोहायची नव्हे. थायलंडमधल्या फी फी बेटांची माया बे बघायची असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात ती दरवर्षी बंद असते.

रात्र

नुसतं नाचायचं-जागायचं असेल, तर बँकॉक. डिसेंबर 2023 पासून तिथल्या आणि फुकेत, सामुईसारख्या ठिकाणच्या ठरावीक क्लबांना पहाटे चारपर्यंत परवानगी आहे. फुकेतचा बांगला रोड घरच्यांबरोबर असाल तर लांबूनच बरा. महत्त्वाच्या बौद्ध सणांना दारूवर निर्बंध असतात, तारीख बघून जा.

हनोईची रात्र वेगळी. ता हिएन गल्लीत वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुलं, "बिया होई" नावाची रोज ताजी बनणारी हलकी बिअर, शेंगदाणे, गप्पा. बाराच्या सुमारास आवराआवर. मला हीच आवडते, पण पंचविशीतल्या भाच्याला विचाराल तर तो सायगॉनच्या बुई विएन रस्त्याचं नाव घेईल. प्यायलात तर स्कूटरला हात लावू नका, व्हिएतनाममध्ये एक थेंबही कायद्यात बसत नाही.

पैसे भरण्याआधी

व्हिएतनामचा ई-व्हिसा लागतो, एकदाच प्रवेशाचा 25 डॉलर. त्यात कुठून आत जाणार ते भरावं लागतं, म्हणून विमान आधी ठरवा, अर्ज मग. नाव पासपोर्टावर आहे तसंच, वडिलांच्या नावासकट. थायलंडने 2023 मध्ये भारतीयांना व्हिसा माफ केला होता, पण हे नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढायच्या आठवड्यात एकदा बघाच. तिथे पोचण्याआधी ऑनलाइन आगमन कार्डही भरायचं असतं.

आणि डोंग, व्हिएतनामचं चलन. एका रुपयाला साधारण तीनशे, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळेच लक्षाधीश. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसरच. रात्री रिक्षावाल्याला देताना दिव्याखाली धरून शून्यं मोजा. आमच्यात ते काम आईकडे होतं.