त्रुविलचा किनारा: चौकटीसह विकली जाणारी एक तैल-प्रतिकृती

यूजेन बूदँ (१८२४–१८९८) या फ्रेंच चित्रकाराने १८६०च्या दशकात नॉर्मंडीतील त्रुविलच्या समुद्रकिनाऱ्याची अनेक चित्रे रंगवली. त्यांपैकी एकाची हाताने रंगवलेली, चौकटीत बसवलेली तैल-प्रतिकृती मी विकत घेतली. या चित्राची पारख आकाशावरूनच करायला हवी, कारण बूदँच्या चित्रात माणसे खालच्या पट्टीत दाटीवाटीने बसतात आणि उरलेला बहुतेक भाग ढगांचा असतो. तो मोकळ्या हवेत अभ्यासचित्रे करी आणि त्यांवर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा नोंदवून ठेवी. फ्रेंच निसर्गचित्रकार कोरो याने त्याला आकाशाचा राजा म्हटले होते ते उगीच नव्हे. प्रतिकृतीत घेरदार झगे आणि छत्र्या मोजक्या फटकाऱ्यांत छान उतरल्या आहेत, पण ढग सरसकट एकाच पांढऱ्या रंगाने गुळगुळीत केले आहेत. वारा कुठून वाहतो आहे हे त्यांवरून कळत नाही, आणि माझ्या मते ही या प्रतिकृतीतील सर्वांत मोठी उणीव आहे.

सोबतच्या परिचयपत्रात ‘मोनेचा गुरू’ (क्लोद मोने हा विख्यात फ्रेंच चित्रकार) एवढीच बूदँची ओळख दिली आहे. १८५८च्या सुमारास तरुण मोनेला त्याने उघड्यावर चित्र काढायला नेले, हे खरेच. बदलता प्रकाश टिपणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या १८७४च्या पहिल्या प्रदर्शनात बूदँचीही चित्रे होती. मात्र ओंफ्लर या नॉर्मंडीतील बंदरगावच्या या नावाड्याच्या मुलाने चित्रकार होण्याआधी ल आव्र शहरात कागद-लेखनसाहित्याचे आणि चौकटी बनवण्याचे दुकान चालवले होते, मिलेसारख्या चित्रकारांची कामे तिथे मांडली जात आणि त्यांच्याच प्रोत्साहनाने तो कुंचल्याकडे वळला, ही गोष्ट चौकटीसह चित्र विकणाऱ्याने तरी गाळायला नको होती. पुढे त्या शहराने १८५१मध्ये त्याला पॅरिसमध्ये शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली.

चौकटीचे जोड घट्ट आणि सफाईदार आहेत, आणि कॅनव्हास सैल पडल्यास ताणता यावा म्हणून मागे कोपऱ्यांत लाकडी पाचरीही दिल्या आहेत. हे काम जाणकाराचे आहे. परंतु रुंद, चकचकीत सोनेरी नक्षी इतकी भारी आहे की वाळूचा आणि समुद्राचा मंद करडा रंग तिच्यापुढे मळकट वाटतो. वॉर्निशही घाईने दिलेले दिसते. पांढऱ्या रंगाचे जाड थर पूर्ण सुकायला कित्येक महिने लागतात, आणि त्याआधीच वॉर्निश चढवल्यास पुढे तडे जाण्याची भीती राहते.

माणसांच्या रेखाटनासाठी आणि मागच्या बाजूच्या पक्क्या कामासाठी मी ही प्रतिकृती ठेवून घेतली आहे. दुसऱ्या कोणाला घ्यायची असल्यास अरुंद, फिकट सोनेरी चौकट मागावी, वॉर्निश न देता चित्र पाठवायला सांगावे, आणि पैसे देण्यापूर्वी केवळ आकाशाचा दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो मागवून घ्यावा.