रंग मारलेले जुने शॉकअप नवे म्हणून विकतात, घेण्याआधी तपासा

साताऱ्यात एका गाडीमालकाला छोट्या हॅचबॅकचे पुढचे दोन्ही स्ट्रट (स्प्रिंगच्या आत बसणारे पुढच्या चाकांचे शॉकअप) घरीच बदलायचे होते. दुकानदाराने खोक्यातले चकचकीत काळे नग दिले. पक्कं बिल मागितलं तर ‘मग जीएसटी लागेल’ म्हणून साध्या चिठ्ठीवर भागवलं. बसवल्यावर यवतेश्वरच्या घाटात गाडी वळणावर झोलू लागली आणि थोड्याच दिवसांत एका नगातून तेल गळायला लागलं. उतरवून थिनरने रंग पुसला, तर बॉडीच्या तळाशी वेल्डिंग करून बुजवलेलं भोक निघालं.

जुन्या शॉकअपला भोक पाडतात, उरलंसुरलं तेल काढून साधं इंजिन ऑइल भरतात, भोक वेल्ड करून घासतात आणि वरून काळा रंग मारतात. झिजलेले पिस्टन, व्हॉल्व्ह आणि सील तसेच राहतात. गॅसही परत भरलेला नसतो. इंजिन ऑइल शॉकअपच्या तेलापेक्षा घट्ट असतं, म्हणून दुकानात दाबून पाहिलं तर नग चांगला कडक लागतो. गिऱ्हाईक तिथेच फसतं. घाटात तेल तापून पातळ झालं की त्यातला जोर जातो.

त्यामुळे नुसत्या कडकपणावर जाऊ नका. रॉड पूर्ण बाहेर काढून उजेडात फिरवा. नव्या रॉडचं क्रोम आरशासारखं असतं. उभे ओरखडे किंवा गंजाचे बारीक खड्डे नखाला लागले तर तो नग वापरलेला आहे. वरच्या आट्यांमध्ये रंग शिरलाय का, नट लावल्याच्या खुणा आहेत का, ते बघा. सगळ्यात पक्की खूण मात्र नकलला (चाक ज्या भागावर बसतं त्याला) जोडायच्या ब्रॅकेटवर असते. बोल्ट आवळल्याने भोकाभोवती पडलेला गोल ठसा रंगाखालीही बोटाला लागतो.

नंतर नग उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा. आडवा पडून राहिलेल्या नव्या नगातही सुरुवातीला थोडी पोकळ चाल लागते, ती एवढ्याने जायला हवी. गॅसचा असेल तर दाबून सोडल्यावर रॉड आपोआप सावकाश वर येतो. नुसत्या तेलाचे अस्सल शॉकअपही मिळतात, त्यांचा रॉड वर येत नाही. म्हणून खोक्यावर गॅस लिहिलंय का, ते आधी वाचा.

दुसरी लबाडी टायरमध्ये हवा भरताना होते. शॉकअपवर गुपचूप तेल उडवायचं आणि ‘लीक झालाय’ म्हणून सांगायचं. खरी गळती सीलपासून खाली उतरते आणि तिच्यावर धुळीचा चिकट थर बसलेला असतो. ताजं, स्वच्छ तेल स्प्रिंगवर आणि रिमच्या आतही उडालेलं दिसलं, तर पुसून पुढे निघा आणि काही किलोमीटरवर परत बघा.

तक्रार घेऊन गेलात की दुकानदाराचं पहिलं उत्तर ‘तुम्ही चुकीचं बसवलं’ हेच असतं. त्याला ती जागाच ठेवू नका. गाडी घोडीवर (गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नको. स्ट्रटच्या टोकाचा मधला नट स्प्रिंग दाबून घेतल्याशिवाय अजिबात खोलू नका, स्प्रिंग उसळून जिवावर बेतू शकतं. स्प्रिंग दाबायचे दोन क्लॅम्प समोरासमोर लावून आळीपाळीने थोडे थोडे आवळा. रॉड पकडीने (प्लायरने) धरू नका, क्रोमवर ओरखडा पडला की तोच सील कापतो. स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीच्या खाचेत टेकलं पाहिजे. ब्रेकच्या पाइपवर वजन लटकू देऊ नका. मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचा आवळा, नाहीतर बुशचं (बोल्टभोवतीच्या रबरी जोडाचं) रबर पिळलेलंच राहून लवकर फाटतं. जोडी एकदमच बदला, स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचं बेअरिंग खरखरत असेल तर तेही, आणि शेवटी चाकांची अलाइनमेंट करून घ्या.

बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या आणि बसवण्याआधी रॉड, ब्रॅकेट, खोकं यांचे फोटो काढा. पैसे परत देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. वरच्या प्रकरणातल्या चिठ्ठीवर दुकानाचं नाव नव्हतं, पार्ट नंबरही नव्हता, आणि दुकानदाराने माल आपला नाहीच म्हणून हात झटकले.