झेंटारिम गट: आठ महिन्यांच्या वापरानंतर (आणि एका गॉब्लिनपायी)

मागच्या रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये, म्हणजे फासे टाकून, एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायच्या खेळात, माझा चोर मेला. जळत्या कवटीनं आगीचा गोळा टाकला, सहा बाजूंच्या आठ फाशांची बेरीज एकतीस आली आणि माझ्या कागदावर जीव उरला होता सव्वीस. मग मरण टाळायचे फासे. आधी सात, नंतर सरळ एक. एक आला की दोनदा नापास धरतात हे खेळणाऱ्यांना ठाऊकच आहे, पुढचं काय सांगू.

मेल्याचं मला फार वाटलं नाही, पात्रं मरतात. पण मी झेंटारिम हा गट, म्हणजे खेळातल्या जगातली एक संघटना, निवडला तोच मुळी मेल्यावर कोण उचलून आणतं हे बघून, आणि ऐनवेळी तेच मिळालं नाही. म्हणून लिहायला बसलो.

ज्यांना अजून गट घ्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सची 2014 ची पाचवी आवृत्ती खेळतो आणि गटांचे नियम त्याच वर्षी सुरू झालेल्या खेळाच्या अधिकृत लीगचे, जुने. डीएमनं, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्यानं, ते वरुडला झेरॉक्स करून आणले, दोन रुपये पान, पैसे आम्ही वाटून दिले. त्यात एक कलम आहे: पात्र पहिल्या ते चौथ्या पातळीवर असेल आणि कुठल्यातरी गटात असेल, तर मेल्यावर गटाचा माणूस मढं गावात आणतो आणि फुकटात जिवंत करवून देतो. त्या दिवसाची कमाई तेवढी सोडायची. हे वाचलं तेव्हाच मी म्हटलं, हा खरा पीक विमा. हप्ता नाही, पंचनामा नाही, बहात्तर तासांत कळवायची भानगड नाही.

ही सोय पाचही गटांना सारखी आहे, हे मात्र मी वाचलं नव्हतं. मला वाटत होतं झेंटारिमचीच आहे, कारण त्यांचं पहिलंच वचन असं की गट म्हणजे तुमचं कुटुंब, तुम्ही त्याला जपा, ते तुम्हाला जपेल.

आणि सोय चौथ्या पातळीपर्यंतच. मी पाचवीवर मेलो. पाचवीला 6,500 अनुभव लागतो, माझा होता 6,505.

हे पाच मी आठ दिवस डोक्यात घोळवतोय. आधीच्या खेळात लढाई संपली तेव्हा मी 6,495 वर होतो. एक गॉब्लिन, छोटा राक्षस, उरला होता आणि तो पळत होता. मास्तर, म्हणजे आमचा पॅलाडिन (धर्मयोद्धा), म्हणाले, "जाऊ दे ना बाप्पा, पळून राह्यला तो." मी बाण सोडला. गॉब्लिनचे पन्नास, पाच जणांत दहा-दहा. त्या दहानं मी पाचवीत गेलो, खूश झालो, घरी जाऊन नवीन गुण पाठ केला: समोरच्याचा वार बसला की इजा निम्मी करता येते. आगीच्या गोळ्याला तो चालत नाही. तिथं वारच नसतो, तुम्हीच फासा टाकून वाचायचं असतं. म्हणजे पाचवीनं मला दिलं काहीच नाही आणि विमा तेवढा काढून घेतला.

मास्तरांचा गट ऑर्डर ऑफ द गॉन्टलेट. त्यांचा नियम आहे की वाईट कृत्याला शिक्षा करा, वाईट विचाराला नको. आठ महिने मी या नियमाची टिंगल केली. दबा धरून बसलेला माणूस दिसतोय आणि हे थांबलेत, त्यानं काही करायची वाट बघत. तर त्याच नियमानं तो गॉब्लिन सुटला असता आणि मी 6,495 वर, चौथीत, मजेत मेलो असतो.

असो. निवडीबद्दल.

आमचं टेबल गावातल्या संत्र्याच्या ग्रेडिंग शेडमध्ये आहे. टेबल म्हणजे उलटे कॅरेट आणि वर फ्लेक्स. सात फाशांचा एकच संच, साडेतीनशेचा, पाच जणांत सत्तर-सत्तर. थ्री फेज आलं की कुणीतरी मोटर लावायला उठतं आणि त्याच्या जागी शेजारचा फासा टाकतो, त्यावरून भांडणं होतात. मोर्शीला दुसरं टेबल आहे. डीएम तोच, जग तेच. आम्ही खेळातल्या फॅन्डालिन गावात केलेलं त्यांना भोगावं लागतं, आणि त्यांनी केलेलं आम्हाला.

सुरुवात बैलगाडीनं होते. दोन बैल, सामान, नेव्हरविंटर शहराहून फॅन्डालिनला पोचवायचं. डीएम हाकण्यासाठी फासा टाकायला सांगत होता तर दादा म्हणाला, "गाडी हाकाले फासा कायले लागते रे?" तो फासा आम्ही टाकला नाही.

फॅन्डालिनमध्ये पाचही गटांकडे जायची वाट सापडते आणि आम्ही मूर्खासारखे पाच जण पाच गटांत गेलो. वहिनी हार्पर्समध्ये. दादा लॉर्ड्स अलायन्समध्ये, त्याला नगरसेवकासारखं वाटतं. पिंट्या एमराल्ड एन्क्लेव्हमध्ये, त्याला काही मिळत नाही आणि त्याची तक्रारही नसते. मास्तर गॉन्टलेटमध्ये.

गॉन्टलेटचा तिथला माणूस म्हणजे डॅरन एडरमाथ. म्हातारा, पूर्वी लढलेला, आता सफरचंदाची बाग सांभाळतो. डीएमनं वर्णन केलं आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. चारशे झाडं आहेत माझ्याकडं, आंबिया बहार. बागवाल्यानं बागवाल्याकडं जायचं, सरळ होतं. पण मी गेलो हालिया थॉर्नटनकडं, जी खाणवाल्यांचं एक्सचेंज चालवते, सोनं तोलते आणि आतून झेंटारिमची आहे.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, घरी व्यापाऱ्याले शिव्या देता अन् इथं त्याचीच चाकरी?"

हो. दरवर्षी व्यापारी फळ हिरवं असताना येतो, बागेत एक चक्कर मारतो, ठोक्यानं भाव सांगतो, इसार देतो आणि जातो. मग फळगळ झाली की फोन, "भाऊ, भाव परवडत नाही." मला एकदा त्या बाजूनं काटा बघायचा होता. खेळात तरी.

पहिले चार महिने मी सगळ्यांना हाच गट घ्या म्हणून सांगत फिरलो. कामं लहान, पैसा रोख. तीन लौकिक, म्हणजे गटात कमावलेली पत, झाले की फँग या पहिल्या हुद्द्यावरून वुल्फ होतो. कायद्यात राहून दुष्टपणा करणारं पात्रही लीगच्या नियमात फक्त इथं आणि लॉर्ड्स अलायन्समध्ये चालतं. दादाला हे वाचून दाखवलं तर दोन दिवस बोलला नाही.

मग पेरणी आली, खेळ बंद. ऑगस्टमध्ये परत बसलो तेव्हा पहिला खटका उडाला. वहिनीला तिच्या गटानं ॲगथा नावाच्या बॅन्शीकडं, म्हणजे बाईच्या भुताकडं, चांदीचा कंगवा देऊन एक प्रश्न विचारायला पाठवलं. लढाई नाही, नीट बोलायचं फक्त. बदल्यात जखम भरणारी औषधं, तीन बाटल्या. बाजारात एकीला पन्नास नाणी. दीडशेचा माल, एका कंगव्यावर! मी हालियाला विचारलं आपल्याकडं असं काही आहे का. डीएम हालियाच्या आवाजात म्हणाला, "आहे ना. पन्नासला एक." तेव्हाच मी पाचाचे चार तारे केले होते.

आता रविवारचं. जिवंत करायचा खर्च लीगच्या यादीप्रमाणे 1,250 नाणी, आणि दहा दिवसांच्या आत. फॅन्डालिनमध्ये तेवढ्या ताकदीचा पुजारी नाही, त्यामुळे मला बैलगाडीत घालून नेव्हरविंटरला न्यायचं ठरलं. त्याच गाडीत. माझ्या थैलीत निघाले 410. वहिनीनं दोनशे दिले, मास्तरांनी दीडशे, पिंट्यानं होते नव्हते ते नव्वद. दादा म्हणाला अलायन्सकडून मंजुरी आणावी लागेल. झाले 850. चारशे कमी.

मी मेलेला, त्यामुळे मला बोलायची परवानगी नव्हती. शेडच्या दारात बसून ऐकत होतो. मास्तरांनी हालियाला जाऊन विचारलं, कुटुंब म्हणता ना, मग? तिनं चारशे काढून दिले, लगेच, एक शब्द न बोलता. शेडमध्ये सगळे गप्प झाले. मला तर वाटलं की पाच तारे, गेलं ते औषधाचं मनातून काढून टाकावं.

मग तिनं मास्तरांकडून एक चिठ्ठी लिहून घेतली.

तर सध्याचं मत: तीन. चारशे वेळेवर मिळाले याचे तीन. कापलेले दोन त्या गॉब्लिनचे आहेत खरं तर, गटाचा त्यात दोष नाही, पण कुठंतरी कापायलाच हवेत. आणि नव्यानं घेणाऱ्यांनी एक करा: 6,500 जवळ आले की हात आवरता घ्या. पळणाऱ्याला पळू द्या.

जिवंत झालो तो उणे चार घेऊन. वीस बाजूंच्या फाशाला दर वेळी चार कमी, रात्रभर झोपलं की एकानं उतरतं. डेंग्यूनंतर असं होतं, जिना चढला की धाप. दोन दिवसांनी मोर्शीहून फोन आला. तिकडच्या टेबलावर एक झेंटारिम आहे, दहा लौकिकांचा, व्हायपर, म्हणजे माझा वरचा. खऱ्या आयुष्यात कृषी सेवा केंद्रात बसतो, उधारीची वही त्याला नवी नाही.

"भाऊ, तुमची चिठ्ठी माह्यापाशी आली."

मी म्हटलं, किती दिवसांत द्यायचे चारशे?

"पैशाचं काही नाही जी. एडरमाथची बाग आहे ना तुमच्या गावात, तिचा यंदाचा माल आपल्याले ठोक्यानं पाह्यजे. भाव आपण ठरवू. तुम्ही बागवाले आहा, तुमचं तो ऐकते. तुम्हीच बोलून या."

"मास्तर त्याच्याच गटातले आहेत," मी म्हटलं.

"म्हणून तर तुम्हाले सांगून राह्यलो."

येत्या रविवारी जायचं आहे. डीएमला मेसेज करून विचारलं, झाडं किती, फळ किती धरलंय, गळ आहे का. त्यानं उत्तर दिलं, "बागेत जाऊन पाह्य." रात्री दोनला थ्री फेज आलं तेव्हा मोटर लावून मी माझ्याच बागेत बॅटरी घेऊन एक चक्कर मारली. व्यापारी मारतो तशी, फळाकडं न बघता, खाली पडलेलं बघत.