प्रॉक्समॉक्स व्हीईचे स्वयंचलित इन्स्टॉलेशन: बत्तीस सर्व्हरवरील अनुभव

दोन रॅकमध्ये मिळून बत्तीस सर्व्हर बसवून झाले होते आणि त्या सर्वांवर प्रॉक्समॉक्स व्हीई हे आभासी यंत्रे चालवणारे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचे होते. प्रत्येक सर्व्हरपुढे कीबोर्ड-मॉनिटर नेऊन, देश, वेळक्षेत्र, पासवर्ड, ईमेल, डिस्क, नाव आणि आयपी पत्ता हे तेच ते प्रश्न बत्तीस वेळा सोडवणे अशक्य नव्हते. परंतु विसाव्या सर्व्हरच्या आसपास कोठेतरी एखादा अंक चुकतो आणि ती चूक सर्व्हरचा समूह (क्लस्टर) जोडताना उघडकीस येते, हे पूर्वानुभवाने ठाऊक होते. म्हणून या वेळी संपूर्ण काम नेटवर्कवरून आणि माणसाचा हात न लागता करायचे ठरवले. या परीक्षणाचा विषय प्रॉक्समॉक्सने त्यासाठी दिलेली साधने हा आहे. आम्ही ८.४ ही आवृत्ती वापरली.

प्रॉक्समॉक्स हे व्हिएन्नातील कंपनीचे, डेबियन लिनक्सवर आधारलेले मुक्त सॉफ्टवेअर असून केव्हीएमची आभासी यंत्रे आणि एलएक्ससी कंटेनर (यजमानाचाच कर्नेल वापरणारे हलके कप्पे) ही दोन्ही ते एकाच वेबपानावरून चालवते. त्याची पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली, मात्र अधिकृत स्वयंचलित इन्स्टॉलेशन एप्रिल २०२४ मधील ८.२ या आवृत्तीत मिळाले. ही वेळ महत्त्वाची आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही याच क्षेत्रातील कंपनी विकत घेतली, कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली, आणि तिचे ईएसएक्सआय हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अनेक संस्था पर्याय शोधू लागल्या. अशा संस्थांना किकस्टार्ट फाइल (इन्स्टॉलेशनच्या सूचनांची फाइल) देऊन शेकडो सर्व्हर उभे करण्याची सवय होती. त्यांना माऊसने टिचक्या मारत इन्स्टॉल करायला सांगणे शक्यच नव्हते.

या व्यवस्थेचा गाभा म्हणजे उत्तर-फाइल. टॉमल या साध्या स्वरूपातील या मजकुरात इन्स्टॉलर विचारणार असलेल्या सर्व प्रश्नांची उत्तरे आधीच लिहिलेली असतात. सोबत मिळणारा सहायक प्रोग्राम ही फाइल तपासून देतो, आणि आयएसओमध्ये (इन्स्टॉलेशन डिस्कच्या प्रतिमा-फाइलमध्ये) आवश्यक बदल करून तिला स्वयंचलित रूप देतो. उत्तर-फाइल आयएसओमध्येच ठेवता येते, वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवता येते किंवा एचटीटीपीवरून मागवता येते. पहिले दोन मार्ग चार-पाच सर्व्हरपर्यंत ठीक आहेत. या साधनाचे खरे सामर्थ्य तिसऱ्या मार्गात आहे आणि मला ते मनापासून आवडले.

या मार्गात इन्स्टॉलर फाइल मागतानाच स्वतःची ओळखही पाठवतो: यंत्राचा अनुक्रमांक, मदरबोर्डची माहिती, प्रत्येक नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता. पलीकडचा प्रोग्राम ही ओळख वाचून त्या यंत्रापुरते उत्तर जागच्या जागी तयार करून परत पाठवू शकतो. त्यामुळे बत्तीस फाइली लिहाव्या लागत नाहीत. एका तक्त्यात अनुक्रमांक, नाव, पत्ता आणि रॅकमधील जागा नोंदवलेली असली, की एकच साचा पुरतो. आमचा तो प्रोग्राम पायथॉनच्या साठ-सत्तर ओळींचा होता. तक्त्यात नसलेल्या यंत्राला तो उत्तरच देत नसे, आणि ही एक अट पुढे सर्वांत उपयोगी ठरली. उत्तर कोठून आणायचे तो पत्ता आयएसओमध्ये कोरता येतो, अथवा डीएचसीपीच्या (यंत्रांना आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) २५० क्रमांकाच्या पर्यायातून किंवा डीएनएसच्या टीएक्सटी नोंदीतून देता येतो. उत्तर देणाऱ्या सर्व्हरच्या प्रमाणपत्राचा ठसा (फिंगरप्रिंट) देण्याची सोयही आहे; ती वापरावीच, कारण उत्तर-फाइलमध्ये रूट वापरकर्त्याचा पासवर्ड असतो. तो उघड न लिहिता हॅश स्वरूपात (उलगडून मूळ शब्द मिळणार नाही अशा रूपात) देता येतो.

आता उणिवेकडे वळतो. स्वयंचलित उत्तरांची इतकी विचारपूर्वक सोय करणाऱ्या या आवृत्तीने नेटवर्कवरून बूट करण्याची बाजू मात्र वापरकर्त्यावर सोडली आहे. ईएसएक्सआयमध्ये बूटलोडर स्वतःच एकेक मोड्यूल एचटीटीपीवरून आणतो आणि किकस्टार्टचा पत्ता एका ओळीत देता येतो. येथे इन्स्टॉलरला संपूर्ण आयएसओ हवी असते, आणि ती डिस्कवर वा पेनड्राइव्हवर मिळेल असे तो गृहीत धरतो. यावर वापरकर्त्यांमध्ये रूढ झालेला उपाय म्हणजे आयएसओच इनिटआरडीच्या (बूट होताना स्मृतीत चढणाऱ्या प्रारंभिक फाइलसंचाच्या) शेवटी जोडून कर्नेलबरोबर स्मृतीत चढवणे. तो चालतो, पण दीड जीबीच्या आसपासची ही फाइल टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या जुन्या प्रोटोकॉलने आणू नये. त्या प्रोटोकॉलचा मूळ ठोकळा ५१२ बाइटांचा असतो आणि प्रत्येक ठोकळ्याची पोच आल्याशिवाय पुढचा जात नाही. आम्ही टीएफटीपीने केवळ आयपीएक्सई हा छोटा नेटवर्क-बूट प्रोग्राम आणला आणि पुढचे सर्व एचटीटीपीवर सोपवले. बत्तीस सर्व्हरना मिळून सुमारे ४८ जीबी पाठवायचे होते. एक गिगाबिटच्या जोडणीवर त्याला सर्व काही सुरळीत असतानाही सात मिनिटे लागतात. ही वेळ मुळीच जाचक नाही, तरीही आम्ही आठ-आठ सर्व्हरचे गट केले, म्हणजे चूक झाली तर ती आठांपुरती राहील.

आणि चूक झालीच. ती सर्वस्वी माझी होती. डिस्क कोणती घ्यायची हे उत्तर-फाइलमध्ये नावाने सांगता येते किंवा यूडेव्हच्या (लिनक्सच्या उपकरण-नोंदींच्या) गुणधर्मांवरून गाळणी लावून सांगता येते. एसडीए, एसडीबी ही नावे यंत्रागणिक बदलू शकतात, म्हणून मी डिस्कच्या मॉडेलवरून गाळणी लावली. चार सर्व्हरमध्ये विदा साठवण्यासाठीच्या दोन डिस्कही नेमक्या त्याच मॉडेलच्या होत्या. झेडएफएस ही फाइल-प्रणाली निवडली असता गाळणीत सापडलेल्या सर्व डिस्क एकाच संचात (ॲरेमध्ये) जातात. त्यामुळे दोन डिस्कच्या आरशाऐवजी (एकमेकींच्या हुबेहूब प्रती असलेल्या डिस्कऐवजी) चार डिस्कचा आरसा तयार झाला आणि चार डिस्कमिळून एकाच डिस्कएवढी जागा उरली. इन्स्टॉलरने काहीही विचारले नाही, कारण न विचारणे हेच त्याचे काम आहे. डिस्क कोऱ्या होत्या म्हणून निभावले. गाळणीत काय सापडेल हे आधी दाखवणारी आज्ञा सहायक प्रोग्राममध्ये आहे. ती प्रत्येक प्रकारच्या यंत्रावर एकदा चालवून पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

नेटवर्कच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. उत्तर-फाइलमध्ये पत्ता डीएचसीपीकडून घ्यावा असे लिहिले, तरी इन्स्टॉलर मिळालेला पत्ता स्थिर म्हणून नोंदवतो. डीएचसीपीवर तो पत्ता राखून ठेवलेला नसेल, तर काही दिवसांनी तोच दुसऱ्या यंत्राला दिला जाऊ शकतो. शिवाय क्लस्टर जोडल्यानंतर नाव किंवा पत्ता बदलणे अत्यंत कटकटीचे असल्यामुळे दोन्ही गोष्टी पहिल्याच वेळी अचूक असणे गरजेचे आहे. आम्ही म्हणूनच पत्ते थेट तक्त्यातून दिले. दोन कार्डांचे बाँडिंग (दोन्ही एकत्र जोडणे) किंवा व्हीलॅन (त्याच तारांवरील वेगळे आभासी नेटवर्क) या आवृत्तीच्या इन्स्टॉलरमध्ये करता येत नाही. ते काम नंतर अन्सिबल या स्वयंचलन-साधनाने करावे लागले. त्यासाठी लागणारी एसएसएच किल्ली मात्र उत्तर-फाइलमधूनच देता येते.

आरंभीच्या आवृत्तीनंतर आलेल्या दोन सुधारणांमुळे हे साधन मोठ्या कामासाठी भरवशाचे झाले आहे. पहिल्या बूटच्या वेळी आपली स्क्रिप्ट चालवता येते. सशुल्क वर्गणी नसलेल्यांना अपडेटचे भांडार बदलण्यासाठी ती हमखास लागते. दुसरी सुधारणा म्हणजे इन्स्टॉलेशन पूर्ण झाल्यावर दिलेल्या पत्त्यावर जाणारी सूचना. तिच्यात यंत्राचे नाव, डिस्क आणि एसएसएचच्या सार्वजनिक यजमान-किल्ल्याही असतात, त्यामुळे पहिल्यांदा लॉगिन करताना समोरचे यंत्र आपलेच आहे याची खात्री करता येते. आमच्याकडे ही सूचना आली, की तक्त्यात त्या यंत्रापुढे 'पूर्ण' अशी नोंद होई आणि तेच यंत्र पुन्हा नेटवर्कवरून बूट झाले, तर आयपीएक्सई त्याला स्वतःच्या डिस्ककडे परत पाठवत असे. ही तजवीज न करता हे साधन कोणी वापरू नये. बूटचा क्रम चुकलेले आणि चालू आभासी यंत्रे सांभाळणारे एखादे यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर निमूटपणे पुसले जाणे, हा या पद्धतीतला सर्वांत मोठा धोका आहे. इन्स्टॉलेशनसाठी वेगळे व्हीलॅन ठेवणे आणि आयपीएमआयवरून (सर्व्हरच्या दूरनियंत्रणाच्या सोयीवरून) एकदाच नेटवर्क बूट करण्याची आज्ञा देणे, ही खबरदारीही आम्ही घेतली होती.

डेबियन आधी नेटवर्कवरून इन्स्टॉल करून त्यावर प्रॉक्समॉक्सची पॅकेजे चढवण्याचा मार्गही अधिकृत आहे आणि नेटवर्क बूटपुरता तो अधिक सरळ आहे. परंतु डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मूळ विभाजन झेडएफएसवर ठेवण्याची सोय नाही, आणि आम्हाला बूट डिस्कचा झेडएफएस आरसा हवाच होता.

आमची तयारी तीन दिवस चालली. प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन, त्या चार सर्व्हरची दुरुस्ती धरून, एका दुपारी आटोपले. पाच-सहा सर्व्हरसाठी ही आयपीएक्सईची खटपट मी करणार नाही. तयार केलेली आयएसओ पेनड्राइव्हवर घेऊन एचटीटीपीवरून उत्तर मागवणे तेवढ्यांना पुरेसे आहे. दहाच्या पुढे संख्या गेली, किंवा सर्व्हर दुसऱ्या गावातील डेटा सेंटरमध्ये असले, तर ती खटपट जरूर करावी, आणि तिची सुरुवात आयपीएक्सईपासून नव्हे, तर अनुक्रमांकांचा तक्ता रॅकपुढे उभे राहून प्रत्यक्ष पडताळण्यापासून करावी.