मनुकांचे बार की मनुकांच्या कुकीज?

घरात भरपूर मनुका आहेत, ओव्हन आहे, ओट्स आणि बटर आहे, आणि आता कुकीज कराव्या की बार करावेत हे ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही केलंय आणि अजून करतो. सुरुवातीची काही वर्षं फक्त कुकीज, मग आलटून पालटून, आणि अलीकडे बहुतेक वेळा बार. त्याचं कारण पुढे येईलच. पण कुकीजवर अन्याय करायची इच्छा नाही. ओट्स आणि मनुकांची कुकी ओव्हनमधून काढून दहा मिनिटांनी, कोमट असताना खाल्ली की तिच्या खरपूस कडेची बरोबरी कुठलाच बार करू शकत नाही. हे मी आजही मान्य करतो.

आधी एक खुलासा. बार दोन प्रकारचे होतात. एकात कुकीचंच पीठ टिनमध्ये थापून भाजतात आणि मग चौकोन कापतात. तो प्रकार मी इथे धरत नाही, कारण त्यात कुकीचेच गुणदोष थोड्या फरकाने येतात. मी म्हणतोय ते थरांचे बार: खाली ओट्स आणि मैद्याच्या चुऱ्याचा दाबलेला थर, मध्ये शिजवून दाट केलेल्या मनुका, वर पुन्हा तोच चुरा.

मेहनत म्हणाल तर दोन्हीकडे सारखीच वाटते, फक्त ती वेगवेगळ्या जागी पडते. कुकीजमध्ये बटर आणि साखर फेटायची, पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचं, गोळे करायचे आणि मग ट्रेच्या खेपा घालायच्या. माझ्या ओव्हनमध्ये एका वेळी आठ-नऊ कुकीज मावतात, म्हणजे दोन डझनांना तीन खेपा. प्रत्येक खेप दहा-बारा मिनिटांची असली तरी तेवढा वेळ ओव्हनपासून हलता येत नाही, कारण अकराव्या आणि तेराव्या मिनिटात फार फरक असतो. शिवाय पहिल्या खेपेच्या गरम ट्रेवरच पुढचे गोळे ठेवले तर ओव्हनमध्ये जाण्याआधीच बटर सुटायला लागतं आणि कुकीज पापडासारख्या पसरतात. दोन ट्रे असतील तर हा त्रास उरत नाही. बारमध्ये मनुका शिजवण्याचं काम वाढतं, पण भाजणं एकदाच.

आता ज्या गोष्टीने माझा कल बदलला त्याकडे येतो. ती म्हणजे करपलेली मनुका.

कुकी भाजताना पीठ ओलसर असतं तोवर त्याच्या आतलं तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही, कारण पाण्याची वाफ होण्यातच बरीचशी उष्णता खर्च होते. पिठात दडलेली मनुका त्यामुळे सुरक्षित राहते, उलट छान मऊ होते. पण गोळ्याच्या बाहेर डोकं काढून बसलेल्या मनुकेला हे संरक्षण मिळत नाही. तिच्यात पाणी मुळातच थोडं, जेमतेम १५ टक्के, आणि निम्म्याहून जास्त साखर. त्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज साधारण निम्मं निम्मं असतं, आणि फ्रुक्टोज आपल्या नेहमीच्या साखरेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला तपकिरी व्हायला लागतं. त्यामुळे १८० अंशांच्या ओव्हनमध्ये कुकीची कड सोनेरी व्हायच्या सुमारास ही मनुका आधी टम्म फुगते, मग तिची साल ताणून चकाकते, आणि बाहेर काढल्यावर ती आत बसून काळी, कडक होते. ट्रेला खालून चिकटलेल्या मनुकेची गत याहून वाईट, आणि ती तर उलटून बघितल्याशिवाय दिसतही नाही.

कुकी कितीही चांगली झालेली असो, अशी एक मनुका दाताखाली आली की तो कडवटपणा सगळ्या घासावर पसरतो. माझी मुलगी सहा-सात वर्षांची असताना कुकी खायच्या आधी ती हातात फिरवून बघायची, काळ्या मनुका नखाने उकरून काढायची आणि ताटलीच्या कडेला ओळीने मांडून ठेवायची. तक्रार काही नाही, फक्त ती ओळ. एकदा मी मोजल्या तर तीन कुकीजच्या अकरा निघाल्या. एवढ्या निगुतीने केलेल्या पदार्थातला मुख्य जिन्नसच ताटलीच्या कडेला जाऊन पडतोय, हे मला फार लागलं.

मग जे सुचेल ते करून पाहिलं. मनुका गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून, निथळून, फडक्याने टिपून घातल्या. याचा उपयोग होतो, आणि एरवीही हे करावंच, कारण कोरड्या मनुका पिठातला ओलावा ओढून घेतात आणि दुसऱ्या दिवशी कुकी भरभरीत लागते. पण बाहेर आलेली मनुका भिजवलेली असली तरी करपते, फक्त दोन मिनिटं उशिरा. शिवाय नीट टिपल्या नाहीत तर पीठ सैल पडतं. मैद्यात घोळवून पाहिल्या, काही फरक पडला नाही. बारीक चिरून घातल्या तर एका मोठ्या काळ्या मनुकेऐवजी चार छोटे काळे ठिपके आले. तापमान १६५ वर आणलं, तेव्हा मनुका वाचल्या पण कुकीज कडा धरायच्या आधीच पसरल्या आणि ज्या खरपूसपणासाठी कुकी करायची तोच गेला. बोटाने मनुका आत दाबून वरून पीठ सारखं केलं, तर पीठ पसरलं की त्या पुन्हा उघड्या पडल्या. सोनेरी मनुका आणून पाहिल्या. गंधकाच्या धुरीमुळे त्यांचा रंग फिका राहतो, पण आतली साखर तीच, त्यामुळे करपायच्या त्या करपल्याच, आणि फिक्या रंगावर ते लगेच उठून दिसलं.

तुमच्याकडे हे एवढं होत नसेल, अशीही शक्यता आहे. ओव्हनओव्हनमध्ये फरक असतो. माझ्या ओव्हनची वरची कॉइल जरा जहाल आहे. पण आतापर्यंत तीन वेगवेगळ्या ओव्हनमध्ये मी कुकीज केल्या आणि कमी-अधिक प्रमाणात हे तिन्हीकडे पाहिलं.

बारमध्ये हा प्रश्न मुळातच उरत नाही, कारण मनुका झाकलेली असते आणि पाण्यात शिजलेली असते. ही युक्ती तशी जुनी आहे. गॅरिबाल्डी बिस्किट नावाचा एक प्रकार १८६१ पासून बनतोय. त्यात बारीक काळ्या मनुका पिठाच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये दाबून भाजतात. फळ आत आणि पीठ बाहेर ही रचना केवळ दिसण्यासाठी नसणार असं मला कुकीजशी झगडून झाल्यावर वाटायला लागलं.

माझं प्रमाण असं: २० सेंटिमीटरच्या चौकोनी टिनसाठी ३०० ग्रॅम मनुका, २०० मिलिलिटर पाणी आणि दोन चमचे साखर. मनुका फुगून मऊ झाल्या की एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून घालायचं आणि उकळी फुटल्यावर मिनिटभर ढवळत राहायचं. आधी ते पांढुरकं, गढूळ दिसतं, मग एकदम पारदर्शक होऊन चकाकायला लागतं, चमच्याला जड लागतं. तिथे गॅस बंद. लिंबाचा रस त्यानंतर घालावा, कारण आंबटासोबत जास्त वेळ उकळलं की कॉर्नफ्लोअरचा दाटपणा सैल होतो. लिंबाची किसलेली पिवळी साल मात्र हवीच. एवढ्या मनुका एकत्र आल्या की गोडी एकसुरी होते, ती साल तिला उठाव देते. मी आधी साल घालत नसे आणि तेव्हा बार मलाही फारसे आवडत नव्हते.

आणि इथेच बारचा दुसरा मोठा फायदा. तेवढ्याच ओट्स-मैद्याच्या कुकीजमध्ये सव्वाशे ग्रॅमहून जास्त मनुका घातल्या की गोळा एकसंध राहत नाही. बारमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त आरामात मावतात. मनुका संपवायच्या असतील किंवा मनुकाच मनापासून आवडत असेल, तर हा फरक लहान नाही.

बारचे त्रासही सांगतो, कारण आहेत. पहिला म्हणजे तळ ओला राहणं. कच्च्या चुऱ्यावर मिश्रण पसरलं की खालचा थर शिऱ्यासारखा होतो. त्यासाठी दोन तृतीयांश चुरा सपाट बुडाच्या वाटीने घट्ट दाबून आधी दहा-बारा मिनिटं नुसताच भाजून घ्यावा लागतो. दुसरा, टिनची कड. मिश्रण कडेपर्यंत नेलं तर तिथे ते पत्र्याला लागून करपतं, म्हणजे नेमका जो वैताग टाळायला आलो तोच. चारही बाजूंनी बोटभर जागा सोडली आणि तिथे वरचा चुरा खाली दाबला की झालं. मग १८० वर पंचवीस ते तीस मिनिटं, वरचा चुरा तांबूस होईपर्यंत.

तिसरा त्रास जास्त खरा आहे: थांबावं लागतं. कुकी दहा मिनिटांत खाता येते. बार गरम असताना कापला तर मधलं मिश्रण वाहतं, वरचा चुरा सुटतो आणि ताटलीत ढीग उरतो. दोन तास तरी टिनमध्येच गार होऊ द्यावा लागतो. घरात लहान मुलं असतील आणि वास सुटला असेल तर हे दोन तास सोपे नाहीत. पाहुणे तासाभरात येणार असतील तर बारच्या वाटेला जाऊच नये.

कुकीजचा आणखी एक गुण माझ्या बारमध्ये नाही. त्यांचे गोळे कच्चेच फ्रीझरमध्ये ठेवता येतात. आधी ताटात सुटे सुटे गोठवायचे, मग पिशवीत भरायचे. हवे तेव्हा चारच काढून, न वितळवता, नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त भाजायचे. एकटं राहणाऱ्याला किंवा थोडंच गोड खाणाऱ्याला कुकीज जास्त सोयीच्या पडतात ते यामुळे. टिन भरून बार केले की सोळा तुकडे होतात आणि ते संपवावे लागतात.

टिकण्याचं म्हणाल तर पहिल्या दिवशी कुकीज पुढे असतात, तिसऱ्या दिवशी बार. कुकीची कड दुसऱ्या दिवसापासून नरम पडते किंवा, जास्त भाजली असेल तर, सगळीच कडक होते. बार उलट मुरतो. मनुकांचा ओलावा चुऱ्यात थोडा उतरतो आणि दुसऱ्या दिवशी तुकडा सुबक कापला जातो, चवही एकजीव होते. बाहेर तीन दिवस, फ्रिजमध्ये आठवडाभर. दोन्ही एका डब्यात मात्र ठेवू नका, बारच्या ओलाव्याने कुकीज रात्रीत मऊ होतात.

मुलगी आता मोठी झालीय. नखाने उकरायची सवय गेली, पण कुकी उलटून बघायची राहिली आहे. बार ती बघत नाही, सरळ चावा घेते.

तरी तुम्हाला ती खरपूस कडच हवी असेल, तर कुकीजच करा, फक्त एवढं करून पाहा. मनुका पिठात मिसळू नका. पीठ साधंच करा, गोळा तळहातावर चपटा करा, मधोमध भिजवून टिपलेल्या सात-आठ मनुका ठेवा, कडा वर आणून बंद करा आणि जोड खाली येईल असा गोळा ट्रेवर ठेवा. पीठ फ्रिजमध्ये अर्ध्याऐवजी पूर्ण तासभर गार केलेलं हवं, नाहीतर हाताला चिकटतं. असं केल्यावर चोवीस कुकीजमध्ये मला दोन-तीनच करपलेल्या मनुका दिसल्या. चोवीस गोळे भरायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात माझा बारचा टिन भाजून बाहेर आलेला असतो आणि जाळीवर गार होत असतो.