कॅलेंडरमधली 'दिवसभर' नोंद: होमस्टेच्या बुकिंगसाठी आठ महिने वापरल्यावर

आमचं घर तारकर्लीहून देवबागकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. चार खोल्या पाहुण्यांना देतो, जेवण घरचंच. गेल्या ऑक्टोबरपर्यंत सगळं बुकिंग भिंतीवरच्या कालनिर्णयवर व्हायचं. तारखेच्या चौकटीत पेनाने खोलीचा नंबर, पाहुण्यांचं आडनाव, आणि ॲडव्हान्स आला असेल तर पुढे बरोबरची खूण. फोन घेणारं माणूस घरात एकच होतं तोवर ते छान चाललं. मग भावजी मुंबईत बसून बुकिंग घ्यायला लागले, शिवाय एका पोर्टलवर खोल्या टाकल्या. मुंबईतून आमची भिंत दिसत नाही, म्हणून सगळं फोनच्या कॅलेंडरवर आणलं. ॲपचं नाव लिहीत नाही, कारण यातलं बरंचसं थोड्याफार फरकाने सगळ्याच कॅलेंडरांत सापडेल.

सुरुवातीला मी प्रत्येक मुक्काम रात्री १२ ते रात्री १२ असा वेळ घालून टाकत होते. माझी नणंद दुबईला असते, तिलाही कॅलेंडर दिसतं. तिने विचारलं, "वहिनी, पाहुणे आदल्या रात्री साडेदहाला येतात का गं?" दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, त्यामुळे आपले रात्रीचे १२ तिच्या फोनवर आदल्या दिवशीचे साडेदहा होत होते. तेव्हा 'दिवसभर' या बटणाचा उपयोग कळला. ते दाबलं की नोंदीत वेळ राहतच नाही, नुसती तारीख राहते. ती तारीख दुबईत, मुंबईत, देवबागात एकच. तेव्हापासून सगळ्या खोल्या 'दिवसभर'मध्ये टाकते. एका खोलीला एक रंग. महिन्याचं पान उघडलं की रंगीत पट्ट्यांवरून कुठली खोली कधी भरलेली आहे ते एका नजरेत कळतं. या एका गोष्टीसाठी मी हे कॅलेंडर कोणालाही सुचवेन.

आता जिथे ठेच लागली ते सांगते, कारण ते आधी कोणी सांगितलं असतं तर आमचं नुकसान टळलं असतं.

नाताळात कोल्हापूरचं एक कुटुंब २४ डिसेंबरला येऊन २६ ला सकाळी निघणार होतं. मी सरळ २४ ते २६ अशी नोंद केली आणि तीन दिवसांची पट्टी पडली. दुसऱ्या खोलीचं त्याच तारखांचं बुकिंग पोर्टलवरून आपोआप आलं, त्याची पट्टी मात्र दोनच दिवसांची, २४ आणि २५. मला वाटलं पोर्टलने एक दिवस गिळला. घाईघाईने मी त्या खोलीवरही २६ ची एक नोंद स्वतः चढवली आणि २६ ला दोन खोल्या मागणाऱ्या सांगलीच्या पाहुण्यांना नाही म्हणून सांगितलं. सासूबाई चुलीपाशी ऐकत होत्या. म्हणाल्या, "गो, ते सव्वीसाक सकाळीच जातले मां? मगे त्या रातीक खोलीत कोण झोपतला?"

कोणीच नाही. २६ ला सकाळी दहाला दोन्ही खोल्या रिकाम्या झाल्या आणि रात्रभर तशाच राहिल्या. नाताळच्या आठवड्यात मालवणात दोन खोल्या रिकाम्या राहणं म्हणजे काय, ते इथे धंदा करणाऱ्याला सांगायला नको.

मग पोर्टलकडून येणारी फाइल उतरवून साध्या नोटपॅडमध्ये उघडली. आत सुरुवात २०२५१२२४ आणि शेवट २०२५१२२६ असं स्वच्छ लिहिलेलं. पोर्टलने काहीच गिळलं नव्हतं. कॅलेंडरच्या फाइलींचा आयकॅलेंडर नावाचा एक ठरलेला नमुना आहे. तो १९९८ मध्ये आला, आणि २००९ मध्ये आरएफसी ५५४५ या नावाने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या ठरलेल्या नियमांचा कागद) सुधारून आला. त्यात दिवसभराच्या नोंदीची शेवटची तारीख नोंदीत धरत नाहीत. शेवट २६ लिहिला म्हणजे २५ तारीख संपेपर्यंत. मुक्कामाचा हिशोब आपणही असाच करतो: २४ ला आले, २६ ला गेले, दोन रात्री झाल्या. मात्र ॲपच्या पडद्यावर आपण हाताने नोंद करतो तेव्हा तिथे शेवटचा दिवस धरून विचारतात. फाइल एका पद्धतीने मोजते आणि पडदा दुसऱ्या. दोन्ही बरोबर आहेत, पण त्या दोघांमध्ये आपण उभे असतो.

तेव्हापासून आमच्या घरात नियम एकच. पट्टी म्हणजे रात्र. शेवटच्या तारखेच्या जागी निघण्याचा दिवस लिहायचा नाही, शेवटची रात्र लिहायची. २४ ते २६ चा मुक्काम २४ ते २५ असा जातो आणि पोर्टलच्या पट्ट्यांशी तंतोतंत जुळतो. निघण्याच्या दिवशी सकाळी १० ची एक वेगळी छोटी नोंद करते, 'खोली २ रिकामी'. नवे पाहुणे १२ ला येतात. मधल्या दोन तासांत चादरी, बाथरूम, फरशी सगळं उरकायचं असतं, आणि दिवसभराच्या पट्टीत ते दिसत नाही.

दुसरा फटका प्रजासत्ताक दिनाला बसला. २६ जानेवारी सोमवारी आल्यामुळे शनिवारपासून सलग सुट्टी होती. पाहुण्यांची नावं, फोन नंबर सगळ्यांना दिसायला नकोत म्हणून भावजींना मी कॅलेंडरचं फक्त 'मोकळं की व्यस्त' एवढंच दाखवत होते. खोली ३ मी २४ ते २५ भरली होती. भावजींना ती मोकळी दिसली आणि त्यांनी पुण्याच्या एका कुटुंबाला दिली. शनिवारी दुपारी फाटकात दोन गाड्या उभ्या. आम्ही आमची झोपायची खोली झाडून त्यांना दिली, आम्ही पडवीत झोपलो. पाहुणे समजूतदार होते, पण त्यांच्या मुलीचं तोंड उतरलेलं मला अजून आठवतं.

चूक भावजींची नव्हती. दिवसभराची नोंद केली की आमचं ॲप तिला आपणहून 'मोकळं' धरतं. त्यामागचा विचार समजतो: लोक दिवसभराच्या नोंदी जास्त करून वाढदिवस, सुट्ट्या, सण यांसाठी करतात, आणि कोणाचा वाढदिवस आहे म्हणून तुमचा दिवस अडत नाही. पण खोलीचा दिवस अडतो. प्रत्येक नोंदीत खाली जाऊन 'मोकळं'चं 'व्यस्त' करावं लागतं. नवीन माणसाने आधी हे बघावं, रंगबिंग नंतर. मी आता जुनीच एखादी नोंद कॉपी करून तारखा बदलते, म्हणजे 'व्यस्त' आपोआप राहतं.

आठवणीचं थोडक्यात. इतर नोंदींसारखी 'अर्धा तास आधी' अशी आठवण लावली तर फोन आदल्या रात्री साडेअकराला वाजतो, कारण दिवसभराची नोंद मध्यरात्रीपासून धरली जाते. झोपेतून उठून कोण मासे सांगणार? सेटिंगमध्ये दिवसभराच्या नोंदींसाठी वेगळी जागा आहे. तिथे मी 'आदल्या दिवशी संध्याकाळी ५' ठेवलंय. पाचला कळलं की दूध वाढवून सांगता येतं, बोटवाल्याला फोन जातो, आणि सकाळी मालवणला लिलावाला किती माणसांचं मासं घ्यायचं ते यांना सांगता येतं.

सोमवारी आमच्याकडे शिवराक असतं, म्हणजे शाकाहारी जेवण. दर सोमवारची 'शिवराक' ही दिवसभराची नोंद एकदाच टाकली, आता ती वर्षभर आपली आपण येते. सुरमई खायची म्हणून लांबून आलेल्यांना बुकिंगच्या वेळीच सांगता येतं. संकष्टी मात्र अशी पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदीत बसत नाही, कारण कॅलेंडरला वार कळतो, तारीख कळते, तिथी कळत नाही. गणपतीचं तेच. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती. ती 'दरवर्षी' म्हणून टाकली असती तर यंदा अठरा दिवस चुकलो असतो, कारण यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. म्हणून जानेवारीत नवं कालनिर्णय आलं की एका दुपारी सासूबाई वाचतात आणि मी फोनमध्ये टाकते. संकष्ट्या, एकादश्या, आणि अमावास्या-पौर्णिमा तर नक्कीच, कारण त्या सुमारास उधाण असतं आणि पाहुण्यांच्या बोटीच्या वेळा त्यावर ठरतात. भरती मात्र दिवसभराची नोंद नव्हे. ती रोज साधारण पाऊण तासाहून थोडी जास्तच उशिरा येते, ती बोटवाल्याच्याच तोंडी असू द्यावी.

लांबलचक पट्टी टाकायची हौस टाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या ६१ दिवसांची मी एकच पट्टी ओढली. महिन्याच्या पानावर ती सगळ्यात वर जाऊन बसली आणि खालच्या खोल्या 'आणखी २' मध्ये गडप झाल्या. आता १ जूनला 'बंदी सुरू' आणि १ ऑगस्टला 'बंदी उठली' अशा दोनच नोंदी आहेत.

आमच्या ॲपमध्ये आठवण चार आठवड्यांपेक्षा मागे नेता येत नाही. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे भावजींच्या घरच्यांचं गणपतीचं तिकीट त्यात बसत नाही. १२ सप्टेंबरच्या गाडीसाठी १४ जुलैवर स्वतंत्र नोंद करून ठेवली आहे, सकाळी ८ ची, आणि ती भावजींना नावासकट दिसते.

एक पट्टी अजून टाकायची राहिली आहे. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. घरची माणसं येतात म्हणून त्या दिवसांत दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देत नाही. तारीख कळली की आधी घरच्या दोन खोल्या 'व्यस्त' करायच्या आणि मगच फोन उचलायचा, असं मी आणि भावजींनी ठरवलंय, कारण जत्रेची तारीख फुटल्यावर इथल्या खोल्या तासाभरात संपतात.