इटालियन रेस्टॉरंटचं बिल भरण्याआधी एवढं तपासा

डिसेंबर लागला की जळगाव-धुळ्याकडची मंडळी लग्नाचा वाढदिवस, पाहुणे, ३१ डिसेंबर असं काही निमित्त काढून महागड्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये जातात. तिथे खिसा कापला जातो तो बहुतेक दोन ठिकाणी: तोंडी सांगितलेल्या पदार्थात आणि बिलाच्या शेवटच्या चार ओळींत.

मेनूकार्ड उघडायच्या आत कॅप्टन, म्हणजे ऑर्डर घेणारा, सांगतो, "सर, आज विंटर स्पेशल ट्रफल रिसोटो आहे." रिसोटो म्हणजे इटालियन पद्धतीचा मऊ भात. पदार्थ कार्डावर नाही, म्हणजे भावही छापलेला नाही. पाहुण्यांसमोर भाव कसा विचारायचा, या संकोचावरच सगळा खेळ चालतो. बिनधास्त विचारा: भाव प्लेटचा की ग्रॅमवर? ग्रॅमवर असेल तर ट्रफल किती घालणार?

ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी बुरशी. इटलीतल्या आल्बा भागातल्या पांढऱ्या ट्रफलचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर. ती शिजवत नाहीत. गरम पदार्थावर कच्चीच, पातळ काप करून घालतात. म्हणून आधी अख्खा तुकडा दाखवा आणि टेबलापाशीच काप करा, असं सांगा. प्लेटमध्ये एकही काप नाही आणि वास मात्र घमघमतोय, तर ते ट्रफल तेल समजा. त्याचा वास बहुधा २,४-डायथायापेंटेन या कृत्रिम रसायनाचा असतो. वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजलंय की गॅसवर, हे खान्देशी माणसाला भरताच्या वासावरूनच कळतं. तेलाचा उग्र वासही दोन-तीनदा घेतला की तसाच ओळखू येतो. तेल वापरायला हरकत नाही. तेल घालून ट्रफलचे पैसे लावणं ही सरळ लबाडी आहे.

चीजचंही तेच. कार्डावर 'पार्मिजानो रेज्जानो' लिहिलं असेल तर ते इटलीतलं, किमान १२ महिने मुरवलेलंच हवं. सालीवर ठिपक्यांत नाव उमटवलेलं असतं. तुकडा दाखवायला सांगा. पाण्याचं विचारताना "स्टिल की स्पार्कलिंग?" म्हणजे बिनबुडबुड्याचं की बुडबुड्यांचं, असं म्हणतात, दोन्ही बाटल्या विकतच्या. साधं पाणी हवं असेल तर तसं स्पष्ट सांगा.

आता बिल. समजा जेवण ४,००० रुपयांचं झालं. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ४००, मग ४,४०० वर ५ टक्के जीएसटी २२०, एकूण ४,६२०. सर्व्हिस चार्ज काढला की ४,२००. फरक ४२० रुपयांचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. 'स्टाफ वेल्फेअर' असं नाव बदलून लावला तरी तो चालत नाही.

जीएसटी क्रमांक १५ अंकी-अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. बिलावर 'कंपोझिशन' (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटी योजना) लिहिलं असेल तर ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांकही बिलावर हवा.

सर्व्हिस चार्ज काढायला नकार दिला तर वाद वाढवू नका. पैसे ऑनलाइन भरा, छापील बिल मागून घ्या, मेनूकार्डाचा फोटो काढा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे निपटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही.